पोटातल्या जंतूंचा घरपोच अहवाल: माझं लिव्हर म्हणे ‘हिरवं’!

पाचपैकी दीड तारे. कंपनीचं नाव लिहीत नाही, माझंही लिहीत नाही, फिट्टंफाट. वस्तू कुठली ते सांगतो. घरी डबा येतो, आपण संडासचा नमुना नळीत भरून परत पाठवायचा, आणि तीन-चार आठवड्यांनी मोबाईलवर भलामोठा पीडीएफ येतो: आतड्यात कोणते जीवाणू, किती, त्यातले चांगले कोण, वाईट कोण. ‘गट मायक्रोबायोम टेस्ट’ म्हणतात. सवलत धरूनही दहा हजारांच्या आसपास पडते. पैसे भाच्यानं भरले. तो हिंजवडीत असतो आणि मामाच्या तब्येतीची काळजी ऑनलाइन ऑर्डर करून वाहतो.

मी सांगलीचा. एसटीत कंडक्टर होतो, आता रिटायर, वय साठ. २००९ पासून एचआयव्हीची औषधं चालू आहेत. हेपॅटायटिस सी, म्हणजे लिव्हर बिघडवणारा काविळीचा विषाणू, तोही निघाला. ऐन तारुण्यात अपघात झाला तेव्हा रक्त चढवलं होतं आणि त्या काळी रक्ताची ‘सी’साठी तपासणी होत नसे. डॉक्टरांचा संशय त्यावरच आहे. २०१९ मध्ये सरकारी कार्यक्रमातून सोफोसबुविर आणि डाक्लाटासविर या त्यावरच्या गोळ्या बारा आठवडे घेतल्या, फुकट, आणि ‘सी’ गेला. तेव्हा माझी एचआयव्हीची गोळी जुनी होती, एफाविरेन्झवाली, रात्री भलभलती स्वप्नं पाडणारी. तिच्यामुळे डाक्लाटासविर ६० ऐवजी ९० मिलिग्रॅम लागते, म्हणजे ६० ची एक आणि ३० ची एक. आमच्या सिव्हिलमधल्या एचआयव्ही औषधांच्या सेंटरवरच्या ताईंनी हे दर वेळी बोट ठेवून समजावलं होतं. विषाणू गेला, पण लिव्हरवर इतक्या वर्षांत जे चट्टे पडायचे ते पडलेच.

हे सगळं सांगायचं कारण, ही टेस्ट मी कुतूहल म्हणून केलेली नाही. आतडं, एचआयव्ही आणि लिव्हर यांचा खरोखर संबंध आहे, आणि कंपनीची जाहिरात नेमकी त्यावरच उभी आहे: ‘गळकं आतडं, आजारी लिव्हर’. भाचा म्हणाला, “मामा, हे बघा, तुमच्यासाठीच काढलंय.” जाहिरात वाचली आणि पटली. यातली निम्मी गोष्ट खरी आहे, म्हणून तर ती खपते.

आधी डबा. पॅकिंग फर्स्ट क्लास. बाहेर काही लिहिलेलं नाही, साधा खाकी खोका, शेजारच्यांना वाटलं चार्जर आला. आत हातमोजे, झाकणालाच चमचा जोडलेली नळी, नळीत नमुना टिकवणारं पाणी आणि एक कागदी झोळी. ही झोळी कमोडच्या सीटला चिकटवायची. आमच्याकडे कमोड नाही, भारतीय पद्धतीचं भांडं आहे. सूचनांच्या कागदावर सगळी चित्रं कमोडची. कस्टमर केअरला फोन केला तर पोरगी म्हणाली, “सर, तुम्ही काहीतरी मॅनेज करा ना.” मग मागच्या वर्षीच्या कॅलेंडरचं गुळगुळीत पान कामाला आलं. पान म्हणजे नेमका श्रावण होता, पण इलाज नव्हता. झाकणाच्या चमच्यानं वाटाण्याएवढा नमुना घ्यायचा, नळीत घालून झाकण घट्ट लावायचं आणि खळखळ हलवायचं. काम सोपं आहे. चमचा खोल आणि मजबूत आहे, मोडत नाही. अर्धा तारा त्या चमच्याचा.

प्रश्नावली मोबाईलवर. आजार कोणते? मधुमेह, थायरॉइड, पीसीओडी, बद्धकोष्ठता, ‘ताणतणाव’सुद्धा. एचआयव्ही नाही, कुठलाच हेपॅटायटिस नाही. लिव्हरच्या नावानं टेस्ट विकता आणि काविळीचे प्रकार यादीत नाहीत, हे काय? शेवटी ‘इतर’मध्ये खरं ते लिहिलं. चार आठवड्यांत अँटिबायोटिक घेतलंय का, हा प्रश्न बरोबर होता. पण आमच्यातल्या ज्यांचा सीडी-फोर (रोगाशी लढणाऱ्या पेशींचा आकडा) कमी असतो ते रोज कोट्रायमोक्साझोलची गोळी घेतात, महिनोन्‌महिने. ती अँटिबायोटिकच आहे, हे तिथे कुठे सुचवलेलं नाही. अशा माणसाचा अहवाल कसा वाचायचा, ते कंपनीलाच ठाऊक. संशोधनासाठी माहिती वापरायची परवानगी देणारा चौकोन आधीच टिक करून ठेवलेला. मी तो काढला.

काढूनही काय उपयोग. दोन दिवसांनी त्यांच्या माणसाचा फोन आला, मी मंडईत उभा. “सर, ते एचआयव्ही लिहिलंय ते तुमचंच का?” एवढ्या मोठ्यानं की फोन कानाला असूनही भाजीवालीनं वर पाहिलं. वर अहवालाच्या पहिल्याच पानावर नाव, वय आणि खाली ठळक अक्षरात ‘इतर: एचआयव्ही’. तो पीडीएफ गेला ऑर्डर करणाऱ्याच्या ईमेलवर. भाच्याला माहीत आहे म्हणून निभावलं. दुसऱ्या कुणाच्या घरी यावरून काय झालं असतं ते या धंद्यातल्यांना कळत नाही. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. कुणाची ही माहिती त्याच्या संमतीशिवाय उघड करता येत नाही. इथे मी तारे कापले नाहीत, कारण कापायला उरले नव्हते.

आता अहवाल. एकूण गुण १०० पैकी ५८. लाल, पिवळं, हिरवं. पहिला लाल शेरा: ‘प्रेव्होटेला फार जास्त’. प्रेव्होटेला हा आतड्यातला एक जीवाणू. मी घाबरलो, कारण एचआयव्ही आणि प्रेव्होटेला यांची नावं एकत्र मी आधी वाचली होती. मग शोधाशोध केली. भाच्याकडून संशोधनाचे एकेक पेपर मागवले, इंग्रजीशी झटापट केली, आणि जे कळलं ते मिरजेच्या डॉक्टरांना दाखवून घेतलं. एचआयव्ही असलेल्यांच्या आतड्यात प्रेव्होटेला वाढतो असं सुरुवातीच्या अभ्यासांत दिसलं होतं खरं. पण २०१६ साली बार्सिलोनाच्या संशोधकांनी दाखवलं की तो संबंध मुख्यतः पुरुषांशी शरीरसंबंध ठेवणाऱ्या पुरुषांशी आहे, त्यांना एचआयव्ही असो वा नसो. एचआयव्हीची म्हणून जी खूण उरली ती जीवाणूंची विविधता कमी होणं. आणि त्याच वर्षी आपल्या पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रातून, डॉ. योगेश शौचे यांच्या गटाकडून, आलेलं काम सांगतं की भारतीय माणसाच्या आतड्यात प्रेव्होटेला मुळातच जास्त असतो. धान्य आणि पालेभाज्या खाणारं पोट आहे ते. भाकरी, उसळ, मेथी खाणाऱ्या माणसाला लाल शेरा! तुलना कुणाच्या पोटाशी केली, असं विचारलं तर उत्तर आलं, ‘आमचा ग्लोबल डेटाबेस आहे सर.’

हे एक वेळ चाललं असतं. पण सतराव्या-अठराव्या पानावर ‘लिव्हर हेल्थ’ म्हणून एक रकाना आहे, आणि तो हिरवा. ‘उत्तम’. खाली हसरा चेहरा.

माझ्या लिव्हरमध्ये फायब्रोसिस आहे, म्हणजे तेच चट्टे. तिसऱ्या पायरीच्या आसपास. चौथ्या पायरीला सिरॉसिस म्हणतात.

इथे जरा थांबून खरी भानगड सांगावी लागेल, कारण कंपनी काय विकते आणि आजार कुठे असतो यातलं अंतर त्याशिवाय कळणार नाही. आपल्याला वाटतं एचआयव्ही रक्तात असतो, कारण तपासणी रक्ताची. पण सीडी-फोर पेशींचा फार मोठा साठा आतड्याच्या अस्तरात असतो आणि विषाणू पहिल्या काही आठवड्यांतच तिथे हात मारतो. रक्तातला आकडा अजून बरा दिसत असतो तेव्हा आतड्यात कत्तल झालेली असते. मी कंडक्टर, म्हणून मला ते असं समजलं: दारातला माणूसच उठून गेला, आता फुकटे हवे तसे चढणार, आणि गाडीचा शेवटचा स्टॉप लिव्हर. कारण लिव्हरला येणारं जवळपास तीन चतुर्थांश रक्त थेट आतड्याकडून येतं, पोर्टल शिरेतून. जीवाणू जिवंत यावेच लागतात असं नाही. त्यांच्या आवरणाचे तुकडे, ज्याला लायपोपॉलिसॅकराइड म्हणतात, तेवढे पुरे. लिव्हरमधल्या कुफर पेशी ते गिळतात आणि चिडतात. त्यांच्या चिडण्यानं स्टेलेट पेशी जाग्या होतात, आणि त्या घट्ट तंतू विणत सुटतात. हेच चट्टे, हाच फायब्रोसिस. वरून हेपॅटायटिसचा विषाणू लिव्हरला आधीच भाजत असतो. म्हणजे दोन्ही बाजूंनी मार.

हे तुकडे एचआयव्ही असलेल्यांच्या रक्तात खरोखर वाढलेले असतात, हे २००६ साली अमेरिकेतल्या एनआयएच या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेच्या डॅनियल डूएक यांच्या गटानं ‘नेचर मेडिसिन’मध्ये दाखवलं. दोनच वर्षांनी बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधून अश्विन बालगोपाल आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला. त्यात एचआयव्हीमुळे होणारी ही गळती आणि हेपॅटायटिस सी मधलं लिव्हरचं नुकसान यांचा घट्ट संबंध दिसला. ‘सी’ एकटा असताना लिव्हर जितक्या वेगानं बिघडतं त्यापेक्षा दोन्ही एकत्र असताना वेगानं का बिघडतं, या कोड्याचा एक तुकडा तिथे जुळला. हे वाचलं तेव्हा मला कंपनीचा राग कमी आणि कीव जास्त आली. एवढा मोठा खजिना हाताशी असून यांनी हसरा चेहरा छापला.

कारण बघा, या सगळ्या अभ्यासांत मोजलंय काय? रक्त. रक्तातले ते तुकडे, आणि त्यांना पाहून शरीर जे सोडतं ते सीडी-फोर्टीन नावाचं प्रथिन. संडासच्या नमुन्यात आतड्यात कोण राहतं ते कळतं. भिंत ओलांडून कोण गेलं ते कळत नाही. आणि लिव्हरला किती चट्टे पडलेत हे तर त्याहून कळत नाही. अहवालातला ‘लीकी गट इंडेक्स’ही जीवाणूंच्या यादीवरूनच काढलेला अंदाज आहे, हे मी त्यांच्या तळटिपेत भिंग लावून वाचलं. टाइप केवढा होता म्हणता? जुन्या तिकिटावरच्या अटी बऱ्या.

लिव्हरचा अंदाजच हवा असेल तर तो फुकटात निघतो. एफआयबी-फोर नावाचं गणित आहे. वय गुणिले एसजीओटी, भागिले (प्लेटलेट्स गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ). एसजीओटी, एसजीपीटी हे लिव्हरच्या रक्ततपासणीतले आकडे. गंमत म्हणजे हे सूत्र २००६ साली तयार झालं ते एचआयव्ही आणि हेपॅटायटिस सी दोन्ही असलेल्या रुग्णांच्याच आकड्यांवरून. आमच्यासाठीच शिवलेला सदरा. माझे आकडे सोपे आहेत: वय ६०, एसजीओटी ३८, प्लेटलेट्स १ लाख ५२ हजार म्हणजे १५२ धरायच्या, एसजीपीटी ३६, वर्गमूळ ६. उत्तर २.५. १.४५ च्या खाली असतं तर फार काळजी नाही, ३.२५ च्या वर असतं तर फायब्रोसिस बराच पुढे गेल्याची शक्यता मोठी. मी मध्ये लोंबकळतोय, म्हणून फायब्रोस्कॅन, म्हणजे लिव्हर किती कडक झालंय ते मोजणारी तपासणी. गणिताला लागणारे सगळे आकडे नेहमीच्या रक्ततपासणीत असतातच, आपल्या फाइलमध्ये पडलेले असतात.

फायब्रोस्कॅनला मात्र माझे पाच तारे, आणि तेही कंपनीच्या टेस्टच्या चौथाई पैशात. तीन तास पोट रिकामं ठेवून मिरजेला गेलो. उताणं झोपायचं, उजवा हात डोक्याखाली. टेक्निशियन बाईंनी बोटानं बरगड्या मोजत दोन बरगड्यांमधली जागा शोधली, गार जेल लावलं आणि पेनासारखं यंत्र टेकवलं. कुणीतरी टिचकी मारावी तसा धक्का बसतो, दुखत नाही. लिव्हर जितकं कडक तितकी ती लाट आतून वेगानं पळते. असे दहा धक्के, दहा आकडे, आणि मधला आकडा धरायचा. दहांत फार फरक पडला तर पुन्हा करतात. बाईंनी एक बाद केला. “काका, श्वास धरा म्हटलं की धरायचा, बोलायचं नाही.” ‘सी’च्या उपचाराआधी माझा आकडा ११.६ होता, आता ९.८ किलोपास्कल. डॉक्टर म्हणाले, “उतरतोय, पण पेढे नकोत. सोनोग्राफी दर सहा महिन्यांनी चालूच ठेवा.” हसरा चेहरा कुठे नव्हता.

परत कंपनीकडे. अहवालासोबत आहारतज्ज्ञांचा एक कॉल फुकट. बाई बोलायला गोड होत्या. किमची खा, कोंबुचा प्या, अॅव्होकॅडो, किन्वा. मी विचारलं, ताक चालेल का? “हो, पण ग्रीक योगर्ट प्रेफर करा.” ज्वारीची आंबील, इडली, ताक, हे त्यांच्या यादीत कुठेच नाही. जेवणाचं हे हसण्यावारी नेलं असतं. पण दोन गोष्टी हसण्यासारख्या नव्हत्या.

एक, ‘इम्युनिटीसाठी’ रोज गुळवेलीचा रस. कोरोनात घरोघर लोकांनी गुळवेल उकळली, आणि मुंबईतल्या लिव्हरच्या डॉक्टरांनी २०२१ साली गुळवेल घेतल्यानंतर लिव्हरला सूज आलेल्या रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयानं ती अमान्य केली, वाद झाला. तो वाद मोठ्यांनी मिटवावा. पण ज्याच्या लिव्हरवर आधीच चट्टे आहेत त्याला, डॉक्टरला न विचारता, फोनवर गुळवेल सांगायची? आमच्यापैकी कित्येकांनी ‘लिव्हर टॉनिक’च्या बाटल्यांवर आयुष्याची कमाई घातलीय.

दोन, आणि हे जास्त गंभीर. ‘गट रिपेअर’ नावाची पावडर, वेगळे पैसे, ‘झोपताना तुमच्या रात्रीच्या गोळीसोबत घ्या’. डब्यावर वाचलं: मॅग्नेशियम, झिंक. माझ्या रात्रीच्या एचआयव्हीच्या गोळीत आता डोल्युटेग्राविर हे औषध आहे. मॅग्नेशियम, अॅल्युमिनियम असलेलं काही सोबत घेतलं की हे औषध पोटातच बांधलं जातं आणि रक्तात कमी उतरतं. म्हणून अँटासिडच्या दोन तास आधी किंवा सहा तासांनंतर घ्यायची, हे सेंटरवर पहिल्या दिवशी सांगतात. आतडं दुरुस्त करायच्या नादात विषाणूला मोकळं रान, आणि विषाणू मोकळा सुटला की पहिला घाव कुठे? आतड्यावरच. बाईंना हे सांगितलं तर म्हणाल्या, “आमचं प्रॉडक्ट हंड्रेड पर्सेंट नॅचरल आहे सर.”

प्रोबायोटिक कॅप्सूलची एक बाटली भेट आलीय. तिच्याबद्दल प्रामाणिकपणे: वाईट वस्तू नाही, पण वचनं फार मोठी. एचआयव्ही असलेल्यांवर प्रोबायोटिकच्या चाचण्या झाल्या आहेत. कुठे रक्तातले सुजेचे आकडे थोडे उतरले, तर अमेरिकेतल्या एका चाचणीत २४ आठवडे देऊनही सीडी-फोर्टीन हललं नाही. सीडी-फोर फारच खाली असलेल्या माणसात क्वचित हेच जंतू रक्तात शिरल्याचीही उदाहरणं आहेत. बाटली मी डॉक्टरांच्या टेबलावर ठेवली. ते म्हणाले, “तुमचा सीडी-फोर चांगला आहे, घेतलीत तरी नुकसान नाही. पैसे घालून मात्र घेऊ नका.”

कॉफीचं मात्र मला नवल वाटलं. फ्रान्समध्ये एचआयव्ही आणि ‘सी’ दोन्ही असलेल्या लोकांवर पाच वर्षं लक्ष ठेवलं, तर दिवसाला तीन किंवा जास्त कप कॉफी पिणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण निम्म्याच्या आसपास दिसलं. २०१७ सालचा अभ्यास. कॉफीनंच वाचवलं असं त्यावरून सिद्ध होत नाही, पण किमचीपेक्षा हा सल्ला सांगलीत झेपला असता. आणि दारू? चाळीस पानांत दारूवर एक ओळ: ‘मर्यादेत घ्या’. दारू आतड्याची भिंतही सैल करते आणि लिव्हरलाही जाळते. आमच्यासारख्याला मर्यादा म्हणजे शून्य. हे सेंटरवरच्या ताई दर महिन्याला, न कंटाळता, फुकट सांगतात.

ज्यांना ‘सी’ नाही, हेपॅटायटिस ‘बी’ आहे त्यांच्यासाठी एक वेगळं सांगतो, कारण एका मित्रानं हा अहवाल बघून ‘आधी पोट साफ करतो, गोळ्या जरा थांबवतो’ असं मनात आणलं होतं. आपल्या गोळीतले टेनोफोविर आणि लॅमिवुडिन हे दोन्ही ‘बी’लाही दाबून ठेवतात. ती एकदम बंद केली तर ‘बी’ उसळतो आणि लिव्हर आठवड्यांत कोलमडू शकतं. काही शंका असेल तर १०९७ या एड्स हेल्पलाइनवर फोन करा. तिथे कोणी पावडर विकत नाही.

परताव्यासाठी लिहिलं. नमुना लॅबला पोचला की पैसे परत नाहीत, असं उत्तर आलं. सोबत ‘स्कोअर सुधारला का ते पाहायला’ तीन महिन्यांनी पुन्हा टेस्ट, वीस टक्के सूट. मी एवढंच विचारलंय की लिव्हरचा रकाना कशाच्या आधारावर हिरवा केला. फायब्रोस्कॅनचा कागदही जोडलाय, नाव झाकून. ‘आपली क्वेरी संबंधित टीमकडे पाठवली आहे’ असं आलंय. खरं उत्तर आलं की इथेच खाली लिहीन.